दोन लिटरमध्ये काय होतंय!

ऑस्ट्रेलियात अनोळखी माणसाशी बोलायला हवामान, फूटी (म्हणजे इथला फुटबॉल) आणि घरांच्या किमती हे तीन विषय चालतात, असं इथे आल्या आल्या आम्हाला सांगण्यात आलं होतं. चौथा विषय कुणी सांगितला नाही, तो पेट्रोल पंपावर आपोआप कळला. समोरच्याकडे यूट असेल तर फक्त विचारायचं, ‘इंजिन केवढं?’ पुढचा अर्धा तास आपल्याला तोंड उघडावं लागत नाही. तीन लिटरवाला ‘तीन लिटर’ एवढंच म्हणतो आणि थांबतो. दोन लिटरवाला मात्र ‘दोन लिटर, पण बाय-टर्बो’ असं म्हणतो, आणि त्या ‘पण’पासून व्याख्यान सुरू होतं.

यूट म्हणजे पुढे मोटार आणि मागे उघडा हौदा. जन्म इथलाच. मंदीच्या काळात व्हिक्टोरियातल्या गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, की रविवारी न भिजता चर्चला जाता येईल आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता येतील असं काहीतरी करा, अशी गोष्ट सांगतात. जिलाँगच्या कारखान्यातल्या लुइस बँट नावाच्या तरुण डिझायनरने ते काम अंगावर घेतलं आणि १९३४ साली गाडी बाजारात आली. म्हणजे वाहनाचा मूळ करारच असा होता: सहा दिवस डुकरं, एक दिवस देव.

आता प्रमाण उलटलंय. ड्युअल कॅब म्हणजे चार दारांची यूट. तिच्यात पाच माणसं ऐसपैस बसतात आणि त्या मानाने हौदा आखडतो. देशात सर्वाधिक खपणारी गाडी २०१६ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी टोयोटाची हायलक्स होती, २०२३ मध्ये तो मान फोर्डच्या रेंजरने हिसकावला. सेदान नाही, हॅचबॅक नाही, माल वाहायची गाडी! एखाद्या परग्रहवासीयाने हे आकडे वाचले, तर इथली निम्मी प्रजा सकाळी सिमेंटची पोती घेऊन बाहेर पडते असं त्याला वाटेल.

त्याला शनिवारी सकाळी बनिंग्जच्या पार्किंगमध्ये आणून उभं करावं. बनिंग्ज हे इथलं हार्डवेअरचं दुकान, आकाराने आपल्या एसटी स्टँडपेक्षा मोठं. दारातल्या स्टॉलवर सॉसेज भाजत असतात आणि समोर यूटची रांग असते. पुढे कांगारू आडवा आला तर म्हणून पोलादी बुलबार, नदी ओलांडायची वेळ आली तर म्हणून छतापर्यंत गेलेला स्नॉर्केल, वाळूत रुतली तर म्हणून कडेला अडकवलेल्या केशरी फळ्या. फळ्यांवर किमतीचं स्टिकर अजून असतं. मालक दुकानातून येतो, खांद्यावर कुंड्यांच्या मातीची एक पिशवी. हौद्याचं झाकण उघडतो, आत गालिचा. त्या गालिच्यावर आधी पुठ्ठा अंथरतो, पुठ्ठ्यावर पिशवी ठेवतो, ती हलू नये म्हणून बाजूला मुलीची स्कूटर लावतो. एवढं झाल्यावर शेजारच्या गाडीवाल्याला म्हणतो, ‘दोन लिटरचं इंजिन कामाच्या गाडीला पुरत नाही.’

यामागे थोडा कराचाही हात आहे. कामासाठी दिलेली आणि खासगी वापर किरकोळ असलेली यूट फ्रिंज बेनिफिट्स टॅक्समधून सुटू शकते. २०२० साली करोनाच्या काळात तर छोट्या धंद्यांना दीड लाख डॉलरपर्यंतची वस्तू एका झटक्यात खर्चात टाकायची मुभा मिळाली होती. पुष्कळांना त्याच वर्षी आपण मूळचे कष्टकरी आहोत याचा साक्षात्कार झाला.

तर वाद इंजिनाचा. २०११ मध्ये फोक्सवॅगनने अमरॉक इथे आणली तेव्हा ती दोन लिटरच्या डिझेलवर होती, दोन टर्बो लावलेल्या. त्या काळी हायलक्स तीन लिटरची, रेंजर ३.२ लिटरची आणि पाच सिलिंडरची. अमरॉककडे लोकांनी ज्या नजरेने पाहिलं ते पाहून गाडीलाच संकोच वाटला असेल. पाच वर्षांनी तिच्यात तीन लिटरचं व्ही-सिक्स आलं, तेव्हा ‘आम्ही म्हटलंच होतं’ वाल्यांनी जल्लोष केला. तो विरतो न विरतो तोच २०१८ मध्ये फोर्डने स्वतःच्या रेंजरमध्ये दोन लिटरचं बाय-टर्बो आणलं. ३.२ लिटरमधून ४७० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मिळत होता, या चिमुकल्यातून ५००. वर दहा गिअरचा ऑटोमॅटिक. इसुझूने डी-मॅक्सला १.९ लिटरचं इंजिन दिलं, निस्सानची नवारा आधीच २.३ वर आली होती.

खरा हाहाकार झाला तो २०२३ मध्ये, लँडक्रूझर सेव्हंटी सिरीजला चार सिलिंडर लागले तेव्हा. ही गाडी १९८४ पासून जवळपास त्याच चेहऱ्याने चालू आहे. खाणीत, गुरांच्या हजारो एकरांच्या स्टेशनांवर, जिथे रस्ता संपतो तिथून हिचं काम सुरू होतं. तिच्यात २००७ पासून साडेचार लिटरचं व्ही-एट डिझेल होतं: १५१ किलोवॅट, ४३० न्यूटन-मीटर. नवीन २.८ लिटरचं इंजिन देतं १५० किलोवॅट आणि ५०० न्यूटन-मीटर. एक किलोवॅट गेला, सत्तर न्यूटन-मीटर आले, डिझेल कमी लागतं. व्यवहार पाहिला तर पेढे वाटायला हवेत. प्रत्यक्षात लोकांनी सुतक पाळलं. जुन्या व्ही-एटचे भाव चढले. कारण व्ही-एट जो आवाज करतं तो कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नसतो, आणि चार सिलिंडरचं डिझेल थंडीत सुरू केलं की विहिरीवरच्या पंपाची आठवण येते.

आता हे एवढंसं इंजिन एवढा जोर आणतं कुठून? एक पंगत डोळ्यांसमोर आणा. जुनं मोठं डिझेल म्हणजे भरदार देहाचा, शांतपणे जेवणारा गृहस्थ. पानात पडेल तेवढं खातो, आग्रह नाही, घाई नाही. टोयोटाचं ४.२ लिटरचं विनाटर्बो सहा सिलिंडर इंजिन असं होतं, टॉर्क २८५ न्यूटन-मीटर, म्हणजे लिटरमागे अडुसष्ट. टर्बो म्हणजे आग्रह करकरून वाढणारा यजमान. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूवर चक्र फिरवायचं आणि त्या जोरावर इंजिनात बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त हवा कोंबायची. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त, डिझेल जास्त म्हणून जोर जास्त. कोंबलेली हवा तापते आणि फुगते, मग पोटात जागा कमी पडते, म्हणून मध्ये इंटरकूलर. त्याचं काम मठ्ठ्याचं. आणि बाय-टर्बो म्हणजे दोन यजमान: छोटा सुरुवातीलाच धावत येतो, मोठा जेवण रंगात आल्यावर. या आग्रहाखाली दोन लिटरचं पाप्याचं पितर लिटरमागे अडीचशे न्यूटन-मीटर पचवून उठतं.

पचवतं खरं, पण अंगावर काही पडतच असेल ना? ही शंका खुळी नाही. सिलिंडरच्या आतला दाब वाढतो, पिस्टन, बेअरिंग, हेड गॅस्केट या सगळ्यांना तो सोसावा लागतो, उष्णता तेवढीच निघते आणि ती बाहेर टाकायला जागा कमी. मेलबर्नहून बॅलरॅटला जाताना बॅकस मार्शच्या पुढे पेंटलँड हिल्सचा चढ लागतो. जानेवारीच्या चाळीस डिग्रीत, मागे अडीच टनांची कॅरव्हॅन लावून तो चढ चढताना मोठं इंजिन अर्ध्या ताकदीत गुणगुणत जातं. लहान इंजिन तेच काम पूर्ण बूस्टवर, गिअरमागून गिअर बदलत करतं. पोचतात दोघंही, बहुधा एकाच वेळी. डिझेलही त्या दिवशी सारखंच जळतं, कारण अडीच टन वर चढवायला लागणारी ऊर्जा इंजिनाचं माप विचारत नाही. लहान इंजिनाची बचत मोकळ्या गाडीत. वर्षाचे बहुतेक दिवस असं ओढायचं असेल तर मोठं घ्यावं, असं माझंही मत आहे. पण असे लोक किती?

ओढायचंच म्हणाल, तर इंजिनाच्या आधी वजनाचं गणित आडवं येतं. प्रत्येक जाहिरातीत एक आकडा असतो: ३,५०० किलो. ब्रेक असलेला ट्रेलर एवढा ओढता येतो. ३.२ लिटरच्या रेंजरचं उदाहरण घ्या. गाडी आणि ट्रेलर मिळून कायद्याने जास्तीत जास्त वजन सहा हजार किलो. त्यातून साडेतीन हजार गेले, उरले अडीच हजार. गाडी स्वतः सुमारे बावीसशे किलोची. उरले तीनशे. आता नवरा-बायको बसवा, ते दीडशे. पुढचा बुलबार साठ-सत्तर किलोचा. मागच्या सीटवर दोन मुलं. फ्रिज, तंबू आणि कुत्रा यांपैकी कोणाला तरी घरी राहावं लागेल. कुत्रा राहत नाही.

वजनकाट्यावर याचा साक्षात्कार झालेली जोडपी मी पाहिली आहेत. निवृत्तीनंतर कॅरव्हॅन घेऊन देश पालथा घालायला निघालेली गोड माणसं. काट्यावरचा माणूस कागद हातात देतो, आजोबा चष्मा वर करून वाचतात, मग काही न बोलता आजींकडे पाहतात. आजी ताडकन म्हणतात, ‘माझ्या बॅगेकडे बघू नका. तुमचा जनरेटर काढा.’ या प्रसंगात इंजिन दोन लिटरचं आहे की चारचं, याला कवडीची किंमत नसते.

खरं काम करणारी यूट आमच्या शेजारीच आहे. शेजारीण प्लंबर. सकाळी सहाला तिची गाडी सुरू होते, तेव्हा आमच्याकडे दुधाचं भांडंही गॅसवर चढलेलं नसतं. हौद्यात पाइपांचे तुकडे, गटारात सोडायचा कॅमेरा, रंगाला ओरखडा नसलेली बोटभर जागा नाही. ट्रेलरवर छोटं एक्स्कॅव्हेटर, इवल्या पट्ट्यांवर चालणारं, आपल्याकडे ज्याला सरसकट जेसीबी म्हणतील तसं. ट्रेलर धरून दोन टनांच्या वर. आणि पुढे ओढायला? दोन लिटरचं बाय-टर्बो. मला राहवलं नाही, विचारलं. ती म्हणाली, ‘ऑइल वेळेवर बदलते. तापली असेल तर बंद करायच्या आधी मिनिटभर नुसती चालू ठेवते. पुढे नव्वदने जाते. घाई असलेल्यांना गळकी मोरी दुरुस्त करता येत नाही.’ आणि निघून गेली. तिच्या तोंडून न्यूटन-मीटर हा शब्द मी कधी ऐकलेला नाही.

या विद्वत्सभेतलं दुसरं टोक म्हणजे आमचा कोथरूडचा मित्र. सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑस्ट्रेलियात राहायचं तर यूट हवी, या न्यायाने त्याने ड्युअल कॅब घेतली. सकाळी घर ते रेल्वे स्टेशन, संध्याकाळी स्टेशन ते घर, मध्ये मुलाला स्विमिंगला सोडणं. वर्षभरात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला: चौकोनी डबीत ठिपके, असं चित्र. गाडीने काही जड उचललं असेल म्हणावं, तर हौद्यात गणपतीचं मखर सोडून काही चढलेलं नव्हतं.

आजच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवायला एक फिल्टर असतो, डीपीएफ. साचलेली काजळी अधूनमधून आतल्या आत जाळून टाकावी लागते, आणि ती जळायला सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. गाडी हायवेवर सलग धावली की हे गुपचूप उरकतं. दहा मिनिटं चालवून बंद, परत दहा मिनिटं, असं केलं तर इंजिन धड तापतच नाही आणि काजळी साचत जाते. म्हणजे कष्टाला टिकेल का म्हणून ज्याच्याबद्दल एवढी काळजी, ते यंत्र आजारी पडतं आरामाने. मेकॅनिकने मित्राला औषध सांगितलं: दर पंधरवड्याला वीस-पंचवीस मिनिटं हायवेवर शंभराच्या वेगाने न्या.

तेव्हापासून त्यांच्या घरी एकाआड एक रविवारी जिलाँगची वारी असते. काम काही नाही. गाडीला हवापालट. वहिनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतात, मुलगा मागे कानात बोंडं घालून बसतो, मित्र टॅकोमीटरवर डोळा ठेवून असतो. जिलाँगला समुद्रकिनारी दशम्या खायच्या आणि दिवा गेला याचा आनंद मानत परत यायचं. कुणी विचारलं तर सांगतात, ‘लाँग ड्राइव्ह’.

हायवेवर नेलं की सुटलो, असंही नाही. हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो यांच्या २.४ व २.८ लिटरच्या डिझेल इंजिनांबद्दलचा सामुदायिक दावा फेडरल कोर्टात गाजला. प्रश्न होता २०१५ ते २०२० दरम्यान विकलेल्या अडीच लाखांहून जास्त गाड्यांचा. २०२२ च्या निकालात कोर्टाने फिल्टरची व्यवस्था सदोष ठरवली, आणि दोष दिसत होता तो ताशी शंभराच्या आसपास नियमित सलग चालवल्यावर! मित्राला हे वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ दशमीचा घास हातात धरून बसला. त्याची गाडी त्यातली नाही, पण माणसाची श्रद्धा म्हणून काही असते.

मागच्या उन्हाळ्यात आमचे मामा आले होते, नारायणगावचे. टोमॅटोच्या हंगामात त्यांची बोलेरो पिकअप दिवसरात्र बाजार समितीच्या फेऱ्या मारते. अडीच लिटरचं इंजिन, ताकद पंचाहत्तरेक हॉर्सपॉवर. वीस-वीस किलोची क्रेटं. कंपनीच्या कागदावर किती न्यायची ते मामांना माहीत आहे, प्रत्यक्षात किती नेतात ते भाच्याने विचारायचं नसतं. मित्राने त्यांना आपली यूट दाखवली. मामांनी हौद्यातल्या गालिच्यावरून हात फिरवला, झाकण बंद केलं, परत उघडलं.

‘आरं, ह्यात माल कधी भरत्यात?’

मित्राने पाचशे न्यूटन-मीटर सांगितले, चार चाकांना ताकद सांगितली, डोंगर उतरताना गाडी स्वतःच वेग कसा धरते ते सांगितलं. मामांनी मान डोलावली. मग म्हणाले, ‘आमच्या गाडीच्या दुप्पट झालं की पाव्हणं. मंग तुमचा टमाटा जातो कुठं?’

तोवर रस्त्यावरून महिंद्राची पिकअप गेली. हो, इथे मिळते, स्कॉर्पिओवर बेतलेली, २.२ लिटरचं एमहॉक डिझेल, १०३ किलोवॅट आणि ३२० न्यूटन-मीटर. ओढायची मर्यादा अडीच हजार किलो, आणि किंमत बाकीच्यांच्या मानाने इतकी कमी की शेतकरी मंडळी लाज न बाळगता घेतात. गाडी चिखलाने माखलेली, हौद्यात तारेची भेंडोळी. मामा ती वळेपर्यंत बघत राहिले. ‘ही आपली,’ एवढंच म्हणाले.

इंजिनाचं माप काम पाहून ठरतं, ही भाबडी समजूत आपल्यालाही सोडावी लागली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीत दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तर महिंद्राने महिन्या-दीड महिन्यात स्कॉर्पिओसाठी १.९९ लिटरचं इंजिन हजर केलं. कायद्याला सलाम आणि धंद्याला रामराम नाही! ऑस्ट्रेलियातही जानेवारी २०२५ पासून नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा आली आहे, कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी मोजतात आणि ती ओलांडली तर दंड. मोठी डिझेल इंजिनं विकायची तर तेवढ्या सौम्य गाड्याही विकाव्या लागतील. बीवायडीची शार्क तर दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनावर आली, सोबत विजेच्या मोटारी, एकूण ताकद ३२१ किलोवॅट. ओढते मात्र अडीच हजारच. पंपावरच्या दोन लिटरवाल्यांना बऱ्याच वर्षांनी कुणाकडे तरी वरून खाली पाहायला मिळालं.

शेजारणीची गाडी दोन लाख किलोमीटरला आली, तशी तिने परवा नवीन घेतली. परत दोन लिटरच. कोथरूडकरानेही त्याच आठवड्यात गाडी बदलली. त्याने तीन लिटरचं व्ही-सिक्स घेतलं, सहाशे न्यूटन-मीटर. ‘स्टेशन ते घर?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘ताकद हाताशी असलेली बरी. उद्या काही ओढायचं झालं तर?’

‘आणि फिल्टर?’

‘यालाही आहे,’ तो म्हणाला. ‘तुमच्या वहिनीने दशम्यांचं पीठ मळायला घेतलंय. रविवारी येता का?’